प्लाटचं उशिरा झालेलं बारसं

मी ब्राउनश्वाइगला पीएचडी करत होतो, तेव्हाची गोष्ट. दोन हजार साल नुकतंच मागे पडलं होतं. सगळ्यात शुद्ध जर्मन आमच्याकडेच बोलतात, असं तिथली माणसं मोठ्या तोऱ्यात सांगायची. 'शुद्ध' म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी खानदेशातला. घरी अहिराणी बोलायचो आणि पुण्याच्या हॉस्टेलवर तिची यथेच्छ टिंगल झाली होती.

माझी घरमालकीण ऐंशीच्या पुढची, जवळच्याच खेड्यातली. एका रविवारी बोलीभाषांचा अभ्यास करणारी एक बाई रेकॉर्डर घेऊन तिच्याकडे आली. म्हातारीने मलाही वरच्या मजल्यावरून केक खायला खाली बोलावलं. विद्यापीठातली बाई म्हणजे माझ्या ओळखीची असणार, हा तिचा हिशेब. मी इंजिनांवर काम करत होतो.

"तुमच्या बोलीला ओस्टफॅलिश म्हणतात," अभ्यासक बाई म्हणाल्या.

म्हातारीने हे नाव जन्मात ऐकलं नव्हतं. "आम्ही नुसतं प्लाट म्हणतो. आणि नदीपलीकडचे लोकही तेच बोलतात, असं मात्र लिहू नका."

आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते, इथे नुसती नदी पुरली होती. बाईंनी हसून मान डोलावली, पण दोन्ही गावं एकाच गटात घातली.

मग काही ठरावीक जर्मन वाक्यं प्लाटमध्ये सांगायची होती. ती म्हातारीने घडाघडा सांगितली. त्यानंतर बाईंना दोघांचं बोलणं हवं होतं. नवरा गेल्यापासून म्हातारीशी प्लाट बोलणारं कुणी उरलं नव्हतं. तिचा साठीचा मुलगा समोर बसला होता. तिने त्याला प्लाटमध्ये काहीतरी विचारलं. त्याला सगळं कळत होतं, पण उत्तर जर्मनमध्ये आलं. तिने पुन्हा विचारलं, तर पुन्हा जर्मन.

"लहानपणी बोलायचा की," ती आम्हाला म्हणाली. "शाळेत मागे पडेल म्हणून मीच बंद केलं. प्लाटचा शब्द काढला की तोंडावर चापट."

मला तिचा राग यायला हवा होता, पण वाईटच वाटलं.

ती मुलाकडे वळली आणि हळूच एक वाक्य बोलली. बाईंनी ते मला जर्मनमध्ये सांगितलं: "बोल रे आता. मारणार नाही."

मुलाने तोंड उघडलं. पण तो जर्मनमध्येच म्हणाला, "आई, मला येत नाही गं."