तीस इंचांचं पाऊल

आबाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी खाप्याजवळ एका शेताच्या बांधावर उभी होते. मी भूकरमापक आहे; लोकांच्या जमिनी मोजते आणि कोणाचा बांध किती सरकलाय ते त्यांच्या तोंडावर सांगते. बाबा फोनवर एवढंच म्हणाले, "ये घरी." तरी मी मोजणी पूर्ण करूनच निघाले. आता दीड महिना होऊन गेला, पण तेव्हा अशी का वागले ते नीट सांगता येत नाही... घरी जायची भीती वाटत होती, हेच खरं.

आबाजी म्हणजे माझे आजोबा. सुभेदार म्हणून निवृत्त होऊन ते हुडकेश्वरला आले तेव्हा इथे घरं कमी आणि कपाशीची पऱ्हाटी जास्त होती. घरामागचं मोकळं मैदान बघितलं आणि दुसऱ्याच आठवड्यात शिट्टी घेऊन उभे राहिले. पोलिस भरती, सैन्य भरती, ज्याला जायचं असेल त्या पोरापोरींना पळवायचं. मला सायकल त्यांनीच शिकवली, दहावीला पहाटे उठवून चहा करून त्यांनीच दिला. पण साडेपाच वाजले की ते माझे एकटीचे राहत नसत. पावसात चुना धुऊन जायचा, म्हणून दर दसऱ्याला मैदान नव्यानं आखायचं. टेप त्यांना चालत नसे. फौजी पाऊल तीस इंचांचं, झोपेत टाकलं तरी तीस इंचांचं, असा त्यांचा दावा. ते पावलं मोजत पुढे आणि आम्ही मागून चुना टाकत. मी मोजणीच्या नोकरीला लागले तेव्हा म्हणाले, "तुले मशीन लागते वं, माहे पायच पुरे हायेत."

गेल्या दिवाळीत त्या मैदानात फिरताना माझ्या फोननं फेरीचं अंतर कमी दाखवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, आबाजी आडवे झाल्यावर, मी ऑफिसचा टेप लावला. दोनशे मीटरची फेरी एकशे ऐंशीच भरली. त्यांचे गुडघे धरले होते, पाऊल आखडलं होतं आणि पावलांचा आकडा मात्र जुनाच होता. म्हणजे पोरं आखूड मैदानावर पळत होती आणि घड्याळ बघून खूश होत होती. मी टेप गुंडाळला आणि गप्प बसले. आजी गेल्यापासून त्या माणसाकडे ते मैदान सोडून होतं काय? सांगीन रविवारी, सांगीन रविवारी, असं करत चार महिने घालवले. त्यांना न सांगता चुन्याची रेघ थोडी बाहेर सरकवली असती तरी भागलं असतं. तेवढंही केलं नाही मी.

पौर्णिमा आमच्या गल्लीच्या टोकाला राहते, इस्त्रीवाल्यांची मुलगी. वयात बसायची तिची ही शेवटची पोलिस भरती होती. आठशे मीटर म्हणजे मैदानाच्या चार फेऱ्या. आबाजींच्या घड्याळात ती आरामात बसत होती. भरतीत काही सेकंदांनी हुकली. दुसऱ्या दिवशी आबाजी सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "इथं बरोबर पळते, मंग तिथंच काहून पाय गळाले? मनानं कच्ची हायेस तू." ती मान खाली घालून उभी. त्यांच्या जिवाला लागलं होतं म्हणून ते तसं बोलले, हे कळत होतं. पण माझं डोकं फिरलं. घरी आल्यावर मी सरळ सांगून टाकलं, मैदान आखूड आहे, तुमचं पाऊल आता तीस इंचांचं राहिलं नाही. ते खुर्चीत बसले. मग त्यांनी विचारलं, "तुले कवापासून माहीत?"

"आजच मोजलं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. विश्वास ठेवला माझ्यावर... माझ्या मोजणीवर ते नेहमीच ठेवायचे. संध्याकाळी ते पौर्णिमाच्या दारात गेले आणि हात जोडून तिला म्हणाले, "बेटा, चूक माह्या पायाची होती. तू कच्ची नाही." तिच्या आईनं त्यांना बसवलं, चहा दिला. घरी आल्यावर त्यांनी शिट्टी खुंटीला टांगली.

त्यानंतर दुपारी त्यांच्या खोलीचं दार बंद असायचं. आम्हाला वाटलं, झोपतात. एके दिवशी आतून धप्पकन आवाज आला. बघतो तर ते खाली पडलेले, आणि फरशीवर पलंगापासून दारापर्यंत पांढऱ्या ऑइलपेंटच्या पाच रेघा. माझाच टेप घेऊन तीस-तीस इंचांवर मारलेल्या. त्या रेघांवर पाय टाकायचा सराव चालला होता... ऐंशी वर्षांचा माणूस. तिसऱ्या रेघेपाशी तोल गेला. खुबा मोडला, मग छातीत कफ, मग दवाखाना. मी त्यांचा हात धरून बसायचे आणि रोज ठरवायचे, आज खरं सांगते. शेवटपर्यंत सांगितलं नाही.

तेरवीला पौर्णिमा आली. पंगती उठल्यावर मी तिला त्या खोलीत नेलं आणि सांगितलं, की मैदान आखूड आहे हे मला दिवाळीपासून माहीत होतं.

"दिवाळीपासून?" एवढंच विचारलं तिनं.

"हो."

मला वाटलं, बोलेल काहीतरी, निदान रडेल. ती पलंगावरून उठली आणि दाराकडे चालू लागली. खाली बघत नव्हती, तरी तिचं प्रत्येक पाऊल बरोबर रेघेवर पडत होतं. आबाजींनी शिकवलेलं होतं ते. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. आई म्हणते, रॉकेलनं घासून काढू त्या रेघा. मी काढू देत नाही. सकाळी मोजणीला निघण्याआधी एकदा त्यांच्यावरून चालून बघते... माझं पाऊल दुसऱ्याच रेघेला चुकतं.