डावखुऱ्याचे पेढे

कोणतीही गोल वस्तू हातात आली, की ताईंची दोन बोटं आपोआप तिच्यावर चढायची. तर्जनी आणि मधलं बोट वर, अंगठा खाली. मग तो टोमॅटो असो, लिंबू असो, नाहीतर आमच्या हॉस्पिटलच्या कॅन्टीनमधलं संत्रं असो. एकदा ऑकलंडला सँडरिंगहॅमच्या एका गुजराती दुकानात त्यांनी ढिगातून कांदा उचलला, त्यावर बोटं बसवली, मनगट जरासं वळवलं आणि दुकानदाराला म्हणाल्या, "हा बघा, असा टाकला की शेवटच्या क्षणी खाली पडतो."

"बेन, माल ताजा आहे," तो बिचारा घाईघाईनं म्हणाला. "काही पडणार नाही."

ताई मूळच्या मिरजेच्या. हॅमिल्टनच्या ज्या हॉस्पिटलात मी कॉम्प्युटर सांभाळायचो, तिथे त्या एमआरआयच्या टेक्निशियन होत्या. त्याआधी बरीच वर्षं अमेरिकेत काढलेली. तिथून लोक गाड्यांचे आणि घरांचे फोटो घेऊन येतात, ताई बेसबॉल घेऊन आल्या. त्यांचा एक संघ होता. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण सीझन नसतानाही ते मोठ्यानं घेतलं तर पुढे हरतात, असं त्यांचं मत होतं. आम्ही नुसतं 'आपली मंडळी' म्हणायचो. आपली मंडळी बहुतेक वेळा नाव न घेताही हरायची.

ओळख झाली ती त्यांचा कॉम्प्युटर बंद पडला म्हणून. मी गेलो, सुरू केला, तर पडद्यावर अमेरिकेतल्या बेसबॉलचं एक पान. कामाच्या वेळी कामाच्या कॉम्प्युटरवर. मी मान खाली घातली. रस्त्यात मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला तरी आपलंच काहीतरी चुकलं असेल असं वाटणारा मी माणूस. दुसऱ्याची चोरी दिसली तरी मीच ओशाळतो.

"लाजतोस काय?" ताई म्हणाल्या. "बस की. क्रिकेट कळतं ना? मग हेही कळेल. आपला बोलर तसा त्यांचा पिचर. तो चांगला असला तर बाकीचे आठ जण नुसते उभे राहिले तरी चालतं."

"आणि नसला तर?"

"तर आपली मंडळी."

अशी आमची गाठ पडली. तिसरा होता आमचा ऑर्डर्ली. पेशंटच्या खाटा ढकलत इकडून तिकडे नेणारा, दाराएवढा रुंद माओरी गडी, तरुणपणी सॉफ्टबॉलचा पिचर. तो सगळ्यांना 'ब्रो' म्हणायचा, म्हणून आम्ही त्यालाच ब्रो म्हणायचो. ताईंना मात्र तो 'आंटी' म्हणे, आणि जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये येताना लांबूनच माओरी नमस्काराची हाळी घाली, "किआ ओरा, आंटी! एनी न्यूज?"

बातमी कसली, तर ट्रेडची. तिकडे सीझन संपला की हिवाळाभर संघ आपसात खेळाडूंची अदलाबदल करतात. आपल्याकडे लग्नं ठरतात तसंच थोडंसं. आधी कुणीतरी कुणालातरी काहीतरी म्हणालं असं छापून येतं, मग नकार, मग बैठक. सगळं जुळलं तरी नव्या संघाचे डॉक्टर त्या खेळाडूला तपासतात. पिचर असेल तर त्याच्या खांद्याचा एमआरआय काढतात. ते पार पडलं, की मग अधिकृत. तिकडचा हिवाळा म्हणजे आमचा उन्हाळा, आणि तिकडची कालची संध्याकाळ म्हणजे आमची आजची जेवणाची सुट्टी. त्यामुळे आम्ही तिघं सँडविच नि पोळीभाजी खात, कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर कालच्या बातमीची उद्यातून वाट बघत बसायचो. इतकं मजेचं काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही. हेही आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

ताईंचा नियम एकच होता. "रिपोर्ट हातात नाही, तोवर पेढा तोंडात नाही."

यामागे इतिहास होता. मी यायच्या आदल्या वर्षी कुठल्याशा पिचरच्या निव्वळ अफवेवर त्यांनी पेढे केले आणि अख्ख्या मजल्यावर वाटले. पेढे दुधाच्या पावडरचे. त्यांचे मिस्टर दुधाच्या कंपनीत इंजिनियर, घरात पावडरची पोती. चपट्या पेढ्यावर आपण अंगठा दाबतो, ताई दोन बोटं दाबायच्या, चेंडूवर बसवतात तशी. दुसऱ्या दिवशी ट्रेड फिसकटला. ताई भडकून पेढे परत मागत फिरल्या. ब्रो म्हणाला, "मी परत करू शकतो, आंटी. पण तुम्हाला ते आवडणार नाही."

तेव्हापासून नियम. शिवाय तो त्यांच्या धंद्याचाही होता. यंत्रात माणूस घालायचा, चित्रं काढायची, पण काय दिसलं ते सांगायचं नाही. चित्रं वाचणारे डॉक्टर वेगळे, पेशंटला सांगणारे वेगळे. "बाहेर आला की प्रत्येक जण माझ्या तोंडाकडे बघतो रे," त्या म्हणायच्या. "म्हणून तोंडाचं मी बंद पडलेलं घड्याळ करून ठेवलंय. बघा किती बघायचं ते."

त्या वर्षी नोव्हेंबरात आपल्या मंडळींचं एका उंच डावखुऱ्या पिचरशी जुळत आलं. आणि त्याच सुमारास माझ्या डाव्या कानात कुकर शिट्टी देण्याआधी करतो तसा सूं आवाज सुरू झाला. थांबेच ना. त्या कानानं ऐकूही कमी यायला लागलं. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बहुतेक काही नसेल, पण आत गाठ नाही ना ते एकदा बघून घेऊ. एमआरआय काढा.

'गाठ' हा शब्द मी घरी नेला नाही. हिची पुण्यातली शाळेतली नोकरी सोडायला लावून मी हिला या देशात आणलेलं. मुलगी लहान. पुण्यात असतो तर शेजारच्या चार बायका हिच्याभोवती बसल्या असत्या. इथे कुणाच्या जिवावर हिला असलं काही सांगू? कानात मळ झालाय, असं मी सांगितलं. कानात औषधाचे थेंबही घालत राहिलो, हिला दिसावे म्हणून.

तपासणीच्या दिवशी यंत्रापाशी ताईच.

"घड्याळ, पट्टा, अंगठी, चाव्या, सगळं काढ," त्या म्हणाल्या. मी इथे का आलोय हे त्यांनी कागदावर वाचलेलं होतं. "घरी माहीत आहे?"

मी मान हलवली. नाही.

"बरं. आत गेल्यावर अशी मान हलवलीस तर पहिल्यापासून काढीन."

आत त्या नळकांड्यात पडल्यावर माणसाला जे जे आठवतं ते मलाही आठवत होतं. खडखडाट थांबला आणि कानावरच्या हेडफोनमध्ये आवाज आला, "झकास. डावखुऱ्याचं अजून काही नाही. आता पुढचा आवाज मोठा आहे, हलू नकोस." पुन्हा खडखडाट. पुन्हा आवाज, "ब्रो येऊन गेला. म्हणतोय, दोन्ही संघांचं ठरलं, फक्त खांदा बघायचा राहिलाय. हलू नकोस." मला त्या नळकांड्यात हसू यायला लागलं. "हसू पण नकोस, दिसतंय मला!"

बाहेर आलो आणि मीही तेच केलं. त्यांच्या तोंडाकडे बघितलं. बंद घड्याळ.

"डॉक्टर सांगतील," ताई म्हणाल्या आणि माझी अंगठी माझ्या हातावर ठेवली.

पण डॉक्टर सांगणार कधी? डिसेंबर लागला होता. ज्यांनी मला सांगायचं ते कानाचे डॉक्टर होडी गाडीला जोडून सुट्टीवर निघून गेले होते, ते नवीन वर्ष उजाडल्यावर येणार. या देशात ख्रिसमसच्या सुमारास माणूस समुद्रावर गेला की गेला. हॉस्पिटलचे कॉम्प्युटर माझ्याच ताब्यात. माझा रिपोर्ट माझ्या दोन बोटांवर होता, पण तो उघडणं म्हणजे नोकरीशी बेइमानी. मी उघडला नाही. रात्री झोप मात्र लागेना, आणि शेजारी ही शांत झोपलेली, कारण मळाला कोण घाबरतं?

कॅन्टीनमध्ये आमची वाट बघणं चालूच होतं. डावखुऱ्याचा खांदा तपासतायत, एवढीच बातमी रोज. ब्रो दोन्ही हात डोक्यावर ठेवून म्हणायचा, "एका खांद्याला इतके दिवस? मी तिकडे जाऊन ढकलत आणू का त्याला?" ताई हसायच्या, आणि मध्येच माझ्याकडे बघायच्या. मी पोळीचे तुकडे करत बसलेलो असायचो. खात नव्हतो, हे त्यांना दिसत असणार. त्यांचं कामच होतं ते, आतलं बघायचं.

आणि सुट्टी लागायच्या दोन दिवस आधी ताई कॅन्टीनमध्ये आल्या त्या स्टीलचा मोठा डबा घेऊन. टेबलावर आदळला, झाकण उघडलं. पेढे. प्रत्येकावर दोन बोटं.

"झाला?" ब्रो खुर्चीतून उठलाच. "ऑफिशियल?"

"झाला म्हणजे? पेढे दिसत नाहीत तुला?"

ब्रोनं अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या टेबलावरच्या नर्सबाईंचा चहा सांडला. त्यानं ताईंना उचलून गोल फिरवलं आणि इथल्या बोलीत 'झकास' म्हणाला, "स्वीट अ‍ॅज, आंटी, स्वीट अ‍ॅज!" ताई ओरडतायत, "अरे खाली ठेव, गुडघा आहे माझा!" खाली ठेवल्यावर त्यांनी पहिला पेढा ब्रोला दिला नाही. माझ्यासमोर धरला. मी हातात घ्यायला गेलो तर म्हणाल्या, "तोंड उघड." एका पेढ्यावर भागवलं नाही, दुसराही कोंबला. आणखी चार कागदात बांधून दिले. "घरी ने. बायकोला दे, लेकीला दे. आणि आज जेव नीट."

चेहऱ्यावर ते घड्याळ नव्हतं. हसून हसून डोळ्यांत पाणी होतं.

मी जागेवर जाऊन बातमी वाचावी म्हणून पान उघडलं. तिथे काहीच नव्हतं. खांद्याची तपासणी चालू आहे, निर्णय अजून नाही. पुन्हा उघडलं. दुसरी पानं बघितली. कुठेही नाही.

रिपोर्ट हातात नाही तोवर पेढा तोंडात नाही म्हणणारी बाई, आणि माझ्या तोंडात पेढ्याची चव. खुर्चीत बसून राहिलो. कुणाचा रिपोर्ट आला होता ते हळूहळू माझ्या ध्यानात आलं. चित्रं वाचणाऱ्या डॉक्टरांचं काम झालं होतं, ताईंना ते दिसलं होतं, आणि सांगायचा हक्क त्यांना नव्हता. त्यांनी काही सांगितलंही नाही. फक्त घरी जाऊन दुधाची पावडर मळली.

दुसऱ्या दिवशी ब्रो लांब तोंड करून आला. "आंटी, घोटाळा आहे. ट्रेड झालाच नव्हता. आणि आता मोडला. खांद्यात दोष निघाला."

"हो का?" ताई संत्रं सोलत म्हणाल्या. "मग? पेढे वाईट होते?"

"नाही, पण..."

"मग गप बस आणि हे संत्रं खा."

आपल्या मंडळींचा पिचर हातचा गेला त्या दिवशी इतकं खूश दिसणारं माणूस सबंध जगात दुसरं नसेल. ब्रो त्यांच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, मग खांदे उडवून त्यानं संत्रं खाल्लं.

सुट्टीत आम्ही रॅगलनच्या काळ्या वाळूवर गेलो. कानात सूं चालूच होतं. मी पाण्यात शिरलो, बाहेर आलो, पुन्हा शिरलो. मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, यू आर सिंगिंग!" ही म्हणाली, "मळ निघाला वाटतं."

जानेवारीत डॉक्टर भेटले. चेहरा उन्हानं लाल झालेला. गाठबिठ काही नाही, म्हणाले, कानाची नस जराशी कमजोर झालीय, आवाजाची सवय करून घ्या. मी शक्य तेवढं आश्चर्य दाखवलं. त्याच शनिवारी गाडी काढून सँडरिंगहॅमला गेलो, मिठाईच्या दुकानातून पेढे घेतले आणि सोमवारी ताईंच्या एमआरआयच्या खोलीच्या दारात उभा राहिलो.

"कसले रे?"

"ट्रेड झाला."

"कुणाचा?"

"आहे एक डावखुरा," मी डावा कान चोळत म्हणालो.

ताईंनी एक पेढा उचलला, त्यावर दोन बोटं बसवली, चांगली दाबली आणि अख्खा तोंडात टाकला. "दुकानाचा आहे," म्हणाल्या. "साखर फार." आणि आतल्या पेशंटला हेडफोनमधून सांगायला गेल्या की हलू नका.

आभार मी कधी मानले नाहीत. मानले असते तर त्यांना कबूल करावं लागलं असतं, आणि कामातला न बोलण्याचा नियम त्यांनी माझ्यासाठी का होईना, वाकवला होता. गप्प राहणं हेच माझं आभार मानणं, असं मी स्वतःला समजावलं. मग त्या रिटायर झाल्या, मिरजेला परत गेल्या. गेल्या महिन्यात त्यांच्या मिस्टरांचा फोन आला. झोपेतच गेल्या, म्हणाले. आता हे लिहिल्यानं कुणाची नोकरी जाणार नाही.

फोन ठेवला आणि मी ओट्यापाशी जाऊन दुधाची पावडर काढली आणि परातीत पेढ्यांसाठी मळायला घेतली. ही आत आली. "कशाचे पेढे?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. मळ, गाठ, नळकांडं, डबा. ही खाली बसली. चिडेल, रडेल, दोन्हीची माझी तयारी होती.

"मला का नाही कळवलं त्या बाईंनी?" ही म्हणाली.

"त्यांनी मलाही नव्हतं कळवलं."

"चार पेढे आणले होतेस तू," ही हळूच म्हणाली. "कागदात बांधलेले. मी तुला विचारलंसुद्धा होतं, यांच्यावर ही दोन बोटं कुणाची?"

आणि परातीतला एक गोळा घेऊन तिनं तो तळहातावर चपटा केला. अंगठा टेकवणार होती. थांबली. मग दोन बोटं दाबली.