काकू फ्रान्समध्ये हरवल्या तेव्हा

आयर्लंडमध्ये ओंगारला आमच्या शेजारी राहणाऱ्या मित्राची आई दर उन्हाळ्यात नागपूरहून यायची. आम्ही त्यांना नुसतं काकू म्हणायचो. काकू सगळ्यांशी वऱ्हाडीतच बोलायच्या. बसमध्ये चढताना ड्रायव्हरला "बरं हाय न बाप्पा?" विचारायच्या आणि तोही हसून "ग्रँड, ग्रँड" म्हणायचा. मित्र मात्र संकोचाने खिडकीबाहेर बघत राहायचा.

२०१७च्या जूनमध्ये आम्ही दोन्ही घरची माणसं मिळून बोटीने फ्रान्सला गेलो. तिथल्या एका तटबंदीच्या जुन्या गावात अर्धा दिवस पायी हिंडायचं ठरलं. चर्च बघून बाहेर आलो, तर काकू नाहीत. त्यांच्याकडे फोनही नव्हता. मित्राचा चेहरा पांढराफटक पडला. दगडी बोळांतून "आई", "काकू" अशा हाका मारत आम्ही धावत सुटलो.

एका उताराच्या गल्लीत, घराच्या पायरीवर, काकू एका फ्रेंच म्हातारीशेजारी बसून मटार सोलत होत्या. दोघींच्या आपापल्या भाषेत गप्पा रंगल्या होत्या.

"अगं, किती शोधलं तुला!" मित्राला रडूच फुटलं.

"काहून रडून राह्यला रे? बस, हात लाव. बाईचा पोरगा येऊन राह्यला जेवाले."

माझ्या बायकोने पुण्यात क्लास लावून शिकलेल्या फ्रेंचमध्ये म्हातारीला विचारलं. खरंच, तिचा मुलगा खूप दिवसांनी घरी येणार होता.

"तुला कसं कळलं?" मित्राने विचारलं.

"एवढे मटर एकटी खाईन का थे? अन् घडीघडी रस्त्याकडे पाहून राह्यली."

मित्र हसत आईच्या पायाशी बसला आणि त्याने शेंगांची टोपली पुढ्यात ओढली.