अक्कांचा फ्रिज, आतून

कवळीकाकांनी अडतीस वर्षं लोकांचे दात बनवले, पण तोंड कुणाचंच पाहिलं नाही. दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्यांचं टेबल होतं. पुढच्या खोलीतून डॉक्टर प्लॅस्टरचा जबडा पाठवायचे, काका त्यावर कवळी घडवून परत पाठवायचे. कुणी म्हणालं टोचतेय, तर दारामागून काकांचा आवाज यायचा, "सवय होईल." निवृत्त झाल्यावर ते भेटेल त्याला सांगत की आपल्या कामाबद्दल एकही तक्रार आली नाही. दारामागून ऐकू तरी कितीसं येत होतं, हे आमच्या इमारतीत कुणी विचारलं नाही.

घरी बसल्यावर तीन महिन्यांत काकू जेरीस आल्या. काकांनी घरातली प्रत्येक कडी, प्रत्येक मूठ घासून चकचकीत केली होती आणि आता ते काकूंच्या चष्म्याकडे बघत होते. अशात काकूंच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे अक्कांनी, एकटं राहणं सोडून इकडे यायचं कबूल केलं. गुडघ्यांनी त्यांच्याशी असहकार पुकारला होता. अट एकच होती. "येईन, पण फ्रिजसकट."

फ्रिज आला तो चार माणसांच्या खांद्यावरून. गोल खांद्यांचा, जाड दाराचा, मोटारीला असावी तशी मूठ असलेला. बाहेरून एकदम रुबाबदार. काकूंनी दार उघडलं आणि त्या दोन पावलं मागे सरकल्या. आतल्या पांढऱ्या भिंतींचा रंग जुन्या पुस्तकाच्या पानांसारखा झाला होता. कोपऱ्यांत पोपडे उडून गंज दिसत होता, जाळ्यांवर तांबूस खवले होते, दाराच्या आतल्या बाजूचा लोण्याचा कप्पा बुडाशी तडकून चांगला फाकला होता. वास तर असा, की कधी काळी इथे कांद्याने देह ठेवला असावा.

"अहो, हा भंगारात द्या. अक्काला मी समजावते," काकू हळूच म्हणाल्या.

"अगं, मोटर कशी घुमतेय ऐक. बिघाड सगळा तोंडातला आहे," काका म्हणाले. त्यांचे डोळे लकाकले होते.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराचा दवाखाना झाला. काकांनी पांढरा डगला चढवला. आधी सोड्याच्या पाण्याने भिंती तीनदा पुसल्या. गंज खरवडायला दातांची कीड काढायचं आकडीदार हत्यार घेतलं, कोपऱ्यांना जुना ब्रश. पिवळ्या पडलेल्या प्लॅस्टिकच्या भाजीच्या खणाला केस पिवळे करायचं औषध चोपडून तो गच्चीत उन्हात ठेवला. तीन दिवसांत खण पांढरा झाला. तो उचलताना काकांनी जिथे जिथे मिशीला बोट लावलं, तिथे मिशीही झाली.

रंगाच्या दुकानात मोठीच पंचाईत झाली. दुकानदाराने पांढऱ्याचे अकरा प्रकार दाखवले. काकांनी खिशातून दातांच्या छटांची पट्टी काढली आणि त्यातल्या एका दातावर बोट ठेवलं.

"हा रंग हवा. पन्नाशीचा, पण विडी न ओढणारा."

दुकानदार दाताकडे बघत राहिला. "भिंतीला लावायचाय?"

"फ्रिजला."

दुकानदाराने तो दात पुन्हा एकदा उलटसुलट करून पाहिला. डबा मात्र बरोबर छटेचा दिला.

अक्का रोज खुर्ची टाकून समोर बसत. अक्कांच्या वरच्या जबड्यात एकही दात नव्हता. वीस वर्षांपूर्वी काकांनी त्यांना वरची कवळी करून दिली होती, ती चार महिन्यांत कावळ्याने खिडकीतून पळवली होती. "अशी कवळी पुन्हा होणे नाही, भावोजी," असं अक्का म्हणाल्या होत्या, आणि दुसरी करून घ्यायला त्यांनी साफ नकार दिला होता. काकांना याचा फार अभिमान होता.

"भिंती रंगवा, जाळ्या घासा," अक्का सांगत. "दाराला तेवढा हात लावू नका."

"अक्का, कप्पा तडकलाय. आतून सांधायला हवा."

"मला चालतो तडकलेला."

पण काकांना तडा म्हणजे तडा. त्यांनी दाराच्या कडेचं रबर उचललं, खालचे स्क्रू एकेक करून काढले. अक्का पाणी पिऊन आल्या, पुन्हा पाणी पिऊन आल्या. दाराचं आतलं पान सुटलं, मागचा, थंडावा टिकवायला भरलेला काचेचा कापूस दिसला, आणि त्या कापसात, अगदी तळाशी, एक कवळी हसत पडली होती.

काकूंच्या हातातलं फडकं खाली पडलं. काका अक्कांकडे बघू लागले.

"कावळा?" त्यांनी विचारलं.

अक्कांनी पदर सारखा केला. "तुम्ही जेवायला आला होतात. मी ती ओट्याशी काढून ठेवली होती. तुम्ही पाणी मागत आत आलात, मी घाबरून लोण्याच्या कप्प्यात टाकली. नंतर बघते तर तड्यातून दारात घसरून गायब. मला वाटलं, सुटले."

"सुटले?"

"भावोजी, टोचायची हो. आणि इतकी सैल, की शिंक आली की मी आधी तोंड धरायची, मग नाक. तुम्ही म्हणालात सवय होईल. मी कापूस कोंबला, नखाच्या कानशीने घासली. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसले."

काकांनी कवळी धुतली, चष्मा वर सरकवून आतून पाहिली. कापसाचा बोळा होता, कानशीचे ओरखडे होते. आणि प्रत्येक कवळीच्या आत ते गिऱ्हाइकाची खूण कोरत, तीही होती. काकांचा चेहरा उतरला.

"काय लिहिलंय?" काकूंनी विचारलं.

"हे."

"हे काय?"

"हे असंच लिहिलंय. हे."

अक्का ताठ झाल्या. "आमच्या ह्यांचे तर सगळे दात शाबूत होते."

"ते हे नाहीत, अक्का. हे म्हणजे हेडमास्तर." काका स्टुलावर बसले. "इथल्या शाळेचे. त्या आठवड्यात दोन कवळ्या होत्या. तुमची त्यांच्याकडे गेली, त्यांची तुमच्याकडे."

अक्कांनी कवळी हातात घेऊन निरखली.

"तरीच," अक्का म्हणाल्या. "ते चार महिने मला येणाऱ्या-जाणाऱ्याला रांगेत उभं करावंसं वाटायचं." मग त्यांना आठवलं. "ते हेडमास्तर कुठे असतात?"

"वारले."

"माझे दात घालून?"

काकांनी मान खाली घातली. हेडमास्तरांनी कधी तक्रार केली नव्हती. फक्त त्यांची भाषणं त्या वर्षापासून पाच मिनिटांत आटपू लागली होती, आणि त्याचं शाळेत सगळ्यांनी स्वागत केलं होतं.

अक्का आधी हसल्या. त्यांचं बघून काकू हसल्या. काका मात्र हसले नाहीत. त्या दिवशी ते नीट जेवलेही नाहीत, आणि अक्कांनी "अहो, झालं गेलं" म्हटल्यावर उठून गच्चीत गेले.

सकाळी त्यांनी अक्कांना खिडकीपाशी बसवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने जिवंत माणसाच्या जबड्याचं माप घेतलं. अक्का तोंडात मापाचा लगदा असतानाही सूचना देत होत्या, त्यामुळे पहिलं माप वाया गेलं. दुसरं नीट आलं. मग आठवडाभर एकीकडे फ्रिजच्या भिंतींवर रंगाचे पातळ हात बसत होते, दुसरीकडे कवळी. लोण्याचा कप्पा सांधायला दातांचा पांढरा मसाला पुरला नाही, म्हणून काकांनी हिरड्यांचा गुलाबी वापरला. दार उघडलं की फ्रिज जांभई देतोय असं वाटे. काकूंनी एकदा पाहिलं, आणि त्यात लोणी ठेवलं.

कवळी काकांनी पाच वेळा घासली. दर वेळी अक्का "बरी आहे" म्हणत, आणि काका "बरी म्हणजे कुठे टोचते?" असं पिच्छा पुरवून विचारत. सहाव्यांदा अक्कांनी सफरचंद चावलं. त्याचा करकर आवाज झाला. काका समोर बसून त्यांचं चावणं असं बघत होते, की अक्कांनी शेवटी वैतागून तोंड भिंतीकडे फिरवलं.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी काकांना पुन्हा बोलावणं पाठवलं, आठवड्यातून दोन सकाळी या म्हणून. काका तयार झाले, पण टेबल पुढच्या खोलीत हवं म्हणाले. आता ते मंगळवारी आणि शुक्रवारी जातात. त्या दोन दिवशी काकू आणि अक्का स्वयंपाकघराचं दार लावून घेतात आणि, समोर बसून चावणं बघणारं कुणी नसल्याने, मनसोक्त खात गप्पा मारत बसतात.