तेलाचे ब्रेक

जुना ब्रेक सायकलवरून उतरला की मिस्त्री तो लोखंडी ठोकळ्यावर ठेवत आणि घणाने चेचत. गिऱ्हाईक "अहो, चांगला होता की" म्हणेपर्यंत दुसरा घाव पडलेला असे. "जित्ता ठिवला की कुणाच्या तरी गळ्यात जातो," ते म्हणत. तिसरा घाव बहुधा नुसत्या रागाचा असे.

नांदेडहून विष्णुपुरीकडे जाताना त्यांचं दुकान लागे. तिथून पुढे मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल. असा माणूस तुमच्याही रस्त्यावर असेल, ज्याच्यावाचून चालत नाही आणि ज्याच्यासमोर उभं राहायची भीती वाटते. एकदा एकाने तुटलेला ब्रेक सुतळीने बांधून सायकल आणली. मिस्त्रींनी ती उचलून सरळ नालीत फेकली. "सुतळीला जीव टांगून राहिला का बे? आन् घरी जाऊन बायकोला काय सांगतो, मी लई हुशार हाय?" मग स्वतःच नालीत उतरून त्यांनी ती वर काढली, धुतली आणि नवा ब्रेक बसवून दिला.

माझ्याशी मात्र ते "सर" म्हणून बोलत. "इतके पुस्तकं वाचले, ब्रेक दाबल्यावर चाक कसं थांबतंय ते हाय का कशात?" नाही म्हटलं की त्यांना फार आनंद होई.

माझ्या शर्यतीच्या, वाकड्या हँडलच्या सायकलला तारेने ओढले जाणारे डिस्क ब्रेक होते. ते काढून तेलाचे, म्हणजे तारेऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे, बसवायचं मी ठरवलं. पुण्याहून सामान आलं. असं काम मिस्त्री पहिल्यांदाच करत होते. तेलाची नळी फ्रेमच्या आतून ओवताना ती तीनदा अडकली. चौथ्यांदा अडकली तेव्हा त्यांनी शिवी हासडून स्टुलाला लाथ मारली. स्टुलावरची तेलाची बाटली पालथी झाली. सामानाबरोबर आलेली तेवढी एकच बाटली होती.

"घाबरू नका," ते म्हणाले. कपाटातून मोटारसायकलच्या डिस्क ब्रेकचं तेल काढलं. "ब्रेकचं तेल ते ब्रेकचं तेल. माणसाचं रगत थोडंच गावागावाला बदलतंय?"

ब्रेक झकास लागले. एका बोटाने चाक जागीच थांबे. मी सायकल घरी नेऊन आठवडाभर ठेवली आणि मिस्त्रींना सांगितलं होतं तसं रविवारी सकाळी लातूरला बहिणीकडे निघालो.

मोकळ्या रस्त्यावर ब्रेक लावायची वेळच आली नव्हती. लोह्याच्या पुढे रस्ता चढला. चढ संपवून मी उताराच्या तोंडाशी आलो, तोच मागून हॉर्न वाजत राहिला. मोटारसायकल मला आडवी घालून मिस्त्री उतरले. कॉलर धरली आणि खाडकन माझ्या तोंडात मारली. मी सायकलसकट खडीवर पडलो.

"फोन का उचलून न्हाई राहिला? मरायचं होतं का तुला?" इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा मला अरे-तुरे करत होते. त्यांनी ब्रेकचा दांडा दाबला. दांडा हँडलला जाऊन टेकला आणि तिथेच राहिला. चाक फिरतच होतं. त्या सकाळी त्यांनी पुण्याच्या दुकानदाराला सहज तेलाचं सांगितलं होतं. मोटारसायकलच्या तेलाने या ब्रेकमधलं रबर फुगतं आणि ब्रेक निकामी होतात, असं कळताच ते तसेच निघाले होते. पुढचा उतार मला दिसत होता. त्याच्या तळाशी वळण होतं आणि वळणावरून उसाचा ट्रक वर येत होता.

मिस्त्रींनी दगड उचलला आणि ब्रेकवर घातला. घालतच राहिले. "माझ्या हातानं! माझ्या हातानं केलं मी हे!"

चहाच्या टपरीवरचे चार-पाच जण धावत आले. त्यांना काय दिसलं? खडीवर पडलेला, तोंडातून रक्त येणारा एक चष्मेवाला, आणि दगडाने त्याची सायकल फोडणारा कळकट कपड्यांचा माणूस. "धरा रे साल्याला! दिवसाढवळ्या लुटतो व्हय?" एकाने मागून हात आवळले, एकाने काठी घातली. तिसऱ्याने कानशिलात अशी मारली की मिस्त्री गुडघ्यांवर आले.

मला बोलायचं होतं. तीनच शब्द लागत होते. लहानपणापासून गर्दीपुढे माझा आवाज बसतो, तसा बसला. मिस्त्रींनी एकदाही हात उलट उचलला नाही. ते माझ्याकडे पाहत होते. काठी पाचव्यांदा पडली तेव्हा माझ्या तोंडून "आमचे आहेत ते" एवढं निघालं.

"मंग आधी बोलायला काय झालं व्हतं, मालक?" काठीवाला म्हणाला. त्याचं बरोबर होतं.

लोह्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मिस्त्रींच्या एका कानाचा पडदा फाटलाय. मिस्त्री म्हणाले, "सर, घरी बोलू नका. कुणावर हात टाकणार न्हाई म्हणून बायकोनं गेल्याच महिन्यात लेकीची शपथ घातलीय. मी गाडीवरून पडलो सांगतो." मी मान हलवली. गप्प राहणं मला नेहमीच जमत आलं आहे.

याला दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात मिस्त्री दुकानातच, बसल्या जागी गेले. मी घरी भेटायला गेलो. वहिनींनी लेकीला चहाला पाठवलं आणि हळूच विचारलं, "सर, तुमच्यापाशी कधी बोलले का काही? दोन वर्षं झाले, माझ्यावर राग धरून होते."

"राग?"

"हाक मारली तर वळायचे न्हाईत. जेवताना बाजूला बसून मी दिवसभराचं सांगत राहायची, हे आपले गप जेवायचे. शपथ घातली म्हणून डूख धरला, म्हणलं. मग मी बी बोलायचं सोडलं."

मी सगळं सांगितलं. थप्पड, दगड, काठी, माझं गप्प राहणं, कान.

वहिनींनी विचारलं, "कोणता कान, सर?"

"डावा."

आतून लेक चहा घेऊन आली. वहिनींनी पदर तोंडाशी धरला होता.

"मी डावीकडंच बसायची," त्या म्हणाल्या.