बॉनेटपाशी आम्ही दोघं

बाकीच्या बायकांचे नवरे जाताना काय बोलतात कोण जाणे, आमचे हे मला शेवटचं म्हणाले ते "बेअरिंग"! हॉस्पिटलच्या खोलीतला एसी थरथरत होता. ते यांना दिसत होतं, ऐकू मात्र काही येत नव्हतं. हाताने खूण करून त्यांनी विचारलं, आवाज कसा येतोय? मी कानाशी तोंड नेऊन ओरडले, "रिकामं जातं फिरवल्यासारखा." यांनी डोळे मिटून जरा विचार केला, निदान सांगितलं आणि समाधानाने झोपले. रात्री आमचा मुलगा सुहास थांबणार होता, म्हणून मी घरी आले. सकाळी त्याचाच फोन… "आई, ये लगेच," एवढंच म्हणाला.

आम्ही मूळचे निपाणीकडचे. लग्न होऊन मी बेंगळुरूला आले तेव्हा हे होसकोट्याच्या एका कारखान्यात इंजिनं तपासायचे. जन्मभर त्या धडधडाटात उभं राहून निवृत्त होईपर्यंत कान कामातून गेले. पण बिल्डिंगमध्ये यांचं नाव असं, की गाडी जरा कुरकुरली की लोक गॅरेजच्या आधी आमच्या दारात, "सर, स्वल्प नोडी", जरा बघा, म्हणत. सुहासने कानाचं मशीन आणून दिलं, तर ते कपाटातच पडून. "कानात ते झेंगट अडकवून खाली गेलो, तर उद्या मला कोण विचारील गं?" म्हणाले. तेव्हाचा त्यांचा चेहरा बघून मी मशीनचा विषय सोडला. लोकांनी विचारणं बंद केलं असतं तर हा माणूस खचला असता, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मग काय, मीच झाले त्यांचे कान! हे कुणाची गाडी बघायला उतरले की मागोमाग मी भाजीची पिशवी घेऊन, सहज चालल्यासारखी. बॉनेटपाशी थबकायचं आणि डावीकडे यांच्याकडे तोंड करून मोठ्याने, भाबडेपणाचा आव आणून म्हणायचं, "अय्यो, हे काय हो, डब्यात सुपाऱ्या हलवल्यासारखं!" हे खेकसायचे, "तू मध्ये बडबडू नकोस." खेकसले की समजायचं, साहेबांना पोचलं. मग बॉनेटवर हात ठेवून गंभीरपणे निकाल द्यायचे, सायलेन्सरवरचा पत्रा सुटलाय. शिलाई मशीन चालल्यासारखं म्हटलं की इंजिनातलं टॅपेट सैल, मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं म्हटलं की बेल्ट ढिला. लोक यांच्याकडे कौतुकाने बघायचे आणि माझ्याकडे… काय सांगू, 'बिचारे सर, काय ही बायको' अशा नजरेने. राग यायचा हो! वर येऊन मी भांडी आपटायची, तर हे हळूच स्वयंपाकघरात डोकावणार, "आज सुपाऱ्या अगदी बरोब्बर होत्या हं." झालं, माझा राग तिथेच संपायचा.

पण खरं सांगू? घरात आमचं बोलणं आटत चाललं होतं. प्रत्येक गोष्ट ओरडून सांगायची म्हटली की माणूस गरजेपुरतंच ओरडतो. जेवायला चला, गोळी घेतलीत का, सुहासचा फोन आलाय. पण चिकपेटच्या बाजारात आज काय गंमत झाली, शेजारच्या अक्काशी माझं का बिनसलं, पहाटे कसलं स्वप्न पडलं, हे काही ओरडून सांगता येत नाही. सांगायचं मनात यायचं आणि जाऊ दे म्हणून मी कणीक मळायला घ्यायची. आमच्या गप्पा व्हायच्या त्या कुणाच्या तरी उघड्या बॉनेटपाशी, तेवढ्याच. आता वाटतं, या मेल्या गाड्या अजून जरा बिघडायला हव्या होत्या.

परवा खालच्या मजल्यावरचा मंजुनाथ भेटायला आला. यांच्या आठवणी निघाल्या, कॉफी झाली. निघताना चाचरत कन्नडमध्ये म्हणाला, "आंटी, गाडी विचित्र आवाज करतेय. एकदा ऐकता का? तसंही ऐकायचात तुम्हीच." मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?" तर म्हणतो, "सगळ्यांनाच ठाऊक होतं, आंटी. पण आवाजावरून दुखणं ओळखायचे सरच ना. म्हणून तर यायचो."

म्हणजे आम्ही लपवत होतो ते कुणापासून? ते कानाचं मशीन घालून हे खुशाल खाली गेले असते, लोक तरीही आले असते. आणि वर आल्यावर माझं ते स्वप्न, ते अक्काचं रडगाणं, सगळं शेजारी बसून ऐकलं असतं… यांच्याशी हळू आवाजात बोलायचं राहूनच गेलं हो.

मंजुनाथबरोबर खाली गेले. त्याने बॉनेट उघडलं, गाडी सुरू केली आणि माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मी वाकून ऐकलं. "फोडणीत मोहरी तडतडल्यासारखं येतंय," असं मोठ्याने म्हटलं आणि सवयीने डावीकडे बघितलं.

मंजुनाथही तिकडेच बघत होता.