एक वर्ष घरी थांब

बारावीनंतर मी म्हसवडहून सांगलीला इंजिनिअरिंगला आले, तेव्हा आमच्या घरातलं कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. आमची मेंढरं. दिवाळी झाली की आबा आणि आई कळप घेऊन कोकणाकडे उतरायचे आणि मी आत्याकडे राहून शाळा करायची. साताऱ्याचं एक मंडळ माझ्यासारख्या मुलींची फी आणि हॉस्टेल बघायचं, शिवाय प्रत्येकीला एक मार्गदर्शक द्यायचं. मला मिळालेल्या बाई सांगलीच्याच, वीज खात्यात इंजिनिअर. पहिल्या भेटीत मी त्यांना मॅडम म्हटलं. "ऑफिसात दिवसभर तेच ऐकते. ताई म्हण," त्या म्हणाल्या.

वर्गात मी लवकरच गप्प झाले. सुरुवातीला एकदा गणिताच्या तासाला उभी राहून "सर, ह्ये कळलं न्हाई" म्हणाले आणि मागून कोणीतरी ते "न्हाई" तस्संच म्हणून दाखवलं. वर्ग हसला. सरही थोडे हसले. त्यानंतर मी फळ्यावरचं फक्त उतरवून घेत राहिले. पहिल्या सेमिस्टरला गणितात नापास झाले.

निकाल लागला त्याच दुपारी ताईंना फोन केला. त्या रागावल्या नाहीत, पण त्यांनी समजूतही काढली नाही.

"सरांकडे विचारायला कधी गेली होतीस?"

"न्हाई गेले."

"उद्या सकाळी मी कॉलेजात येते. जाऊ."

दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या दाराशी मी थांबले. "ताई, तुमीच बोला की."

"परीक्षा मला द्यायची आहे का?" असं म्हणून त्या बाहेरच्या बाकावर बसल्या.

मी आत गेले. सरांनी वर बघितलं. "निकाल लागल्यावर आलीस होय?" मी जे होतं ते माझ्याच बोलीत सांगितलं, की निम्म्या धड्यांपासून पुढचं काहीच कळलेलं नाही. सर पुन्हा हसले असते तर मी परत फिरले असते की नाही, कुणास ठाऊक. ते हसले नाहीत. खुर्ची ओढायला सांगून त्यांनी पेपरातला एक इंग्रजी प्रश्न काढला आणि तो मराठीत वाचून दाखवला. मी सोडवला. दुसराही तसाच वाचला, तोही सुटला. सरांनी कागद माझ्याकडे परत सरकवला.

"गणित येतंय तुला. प्रश्न काय विचारतोय तेच कळत नाही. रोज पहिल्या तासाआधी ये."

हे सुरू झालं आणि मंडळाचं बोलावणं आलं. नापास झाल्यावर मदत चालू ठेवायची की नाही, हे पालकांसमोर ठरत असे. आई एकटी मेंढरांजवळ थांबली आणि आबा एसटीनं कोकणातून थेट साताऱ्याला आले. ताईही आल्या होत्या. जिना चढताना मला एवढंच म्हणाल्या, "आत मी बोलणार नाही. तू बोलायचंस."

समोरचे एक वयस्कर गृहस्थ फार मायेनं बोलले. "पोरीवर ताण येतोय. एक वर्ष घरी थांबू दे. पाया पक्का करू दे. पुढच्या वर्षी बघू."

मी तोंड उघडायच्या आत आबा उभे राहिले.

"आवं सायेब, घरी आली तर ही माघारी यायची न्हाई. हिच्या थोरल्या बहिणीलाबी येक वरीस थांब म्हनलो हुतो. पावनं आलं, स्थळ चांगलं हुतं, मीच व्हय म्हनलो. हिचंबी तसंच करीन. माझा मलाच भरवसा न्हाई."

अक्काबद्दल आबांच्या तोंडून मी कधी काही ऐकलं नव्हतं. ते खाली बसले आणि पागोटं सारखं करत राहिले. मग मी उठले. म्हणाले, "मला घरी पाठवू नका. फेरपरीक्षेला बसू द्या. सरांकडं रोज शिकतीय. मी पास हुईन." एकही वाक्य मी अर्धवट सोडलं नाही.

फेरपरीक्षेपर्यंत हॉस्टेल चालू ठेवायचं ठरलं. रोज सकाळी सरांची स्टाफरूम आणि रविवारी ताईंच्या जेवणाच्या टेबलावर जुने पेपर. ताई गणितं सोडवू द्यायच्या नाहीत. प्रश्न वाचायचा आणि तो काय मागतोय ते मराठीत सांगायचं, बस्स. मला कंटाळा यायचा, त्यांना यायचा नाही. मी पास झाले, मंडळाची मदत चालू राहिली. पुढे एकदाही गणितात अडले नाही, आणि डिग्री मिळाली त्या दिवशी अक्का तिच्या लेकीला घेऊन कॉलेज बघायला आली होती.

आता मी साताऱ्यात नोकरी करते आणि त्याच मंडळाची मार्गदर्शक आहे. माझ्याकडे आलेली मुलगी शिराळ्याची, सांगलीत शिकते. तिचं इंग्रजी माझ्याहून चांगलं, वर्गात बिनधास्त विचारते. तिला मी काय शिकवणार, असं मला वाटायचं. गेल्या महिन्यात तिचा फोन आला, हॉस्टेल सोडून घरी जाते म्हणाली. खोलीतल्या मुली तिच्याशी बोलत नव्हत्या. ती जेवायलाही एकटीच जात होती. मी शनिवारी सांगलीला गेले. कृष्णेच्या घाटावर आम्ही बराच वेळ बसलो. रेक्टरबाईंशी मी बोलावं, असं ती म्हणाली. मी तिच्याबरोबर ऑफिसपर्यंत गेले. आत ती एकटी गेली.

तिला दुसरी खोली मिळाली. परवा तिथल्या मुलींबरोबर जेवतानाचा फोटो तिने पाठवला. पुढच्या रविवारी मी पुन्हा जाणार आहे, तिची परीक्षा जवळ आली आहे.